भिंतीआडची पाच वर्षे : टोरांटोच्या ‘बेल फीचर्स’चे प्रकरण

डिसेंबर १९४० मध्ये कॅनडाचे अर्थमंत्री जेम्स इल्स्ली यांनी परकीय चलन वाचवण्यासाठी एक कायदा आणला. त्याचे नाव ‘वॉर एक्स्चेंज कॉन्झर्व्हेशन ॲक्ट’. अमेरिकेतून येणाऱ्या ज्या वस्तूंवाचून युद्धकाळात निभावता येईल, त्यांची आयात या कायद्याने थांबवली किंवा आवळली. यादीतल्या इतर अनेक वस्तूंबरोबर त्यात रहस्यकथांची, प्रेमकथांची स्वस्त मासिके होती आणि कॉमिक्सही होती. कायदा करताना कुणाच्या मनात कॅनडाच्या चित्रकलेचा किंवा बालवाङ्मयाचा विचार नव्हता; प्रश्न निव्वळ डॉलरचा होता. तरीही त्या एका कलमामुळे दहा महिन्यांच्या आत व्हँकुव्हर आणि टोरांटो येथे एक नवा उद्योग उभा राहिला आणि कायद्याचा आडोसा दूर होताच तो तितक्याच वेगाने बसला. या उद्योगातील टोरांटोचा ‘बेल फीचर्स’ हा प्रकाशक येथे अभ्यासासाठी घेतला आहे. त्याचे कारण असे की, संरक्षित बाजारपेठ काय घडवू शकते आणि काय घडवू शकत नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या वाटचालीत स्वच्छ दिसतात.

आधी चलनाचा पेच समजून घ्यायला हवा. युद्धापूर्वी कॅनडाचा व्यापार त्रिकोणी होता. ब्रिटनला गहू, लाकूड, धातू विकून जे पौंड मिळत, त्यांचे डॉलर करून अमेरिकेकडून कोळसा, तेल, पोलाद आणि यंत्रे घेतली जात. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने पौंडाच्या रूपांतरावर बंधने घातली. विक्री वाढली, पण हाती आलेला पैसा अमेरिकेत चालेना. शस्त्रनिर्मितीसाठी अमेरिकन यंत्रांची गरज तर रोज वाढत होती. अशा वेळी मुलांच्या दहा सेंटच्या पुस्तकांवर डॉलर खर्च करणे सरकारला परवडणारे नव्हते. पुढे एप्रिल १९४१ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यात न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे समझोता झाला आणि डॉलरची टंचाई पुष्कळ सौम्य झाली. कॉमिक्सवरची बंदी मात्र राहिली. बेलने आपला पहिला अंक काढला तो या समझोत्यानंतर. म्हणजे ज्या कारणासाठी भिंत बांधली ते कारण ढिले झाल्यावर तिच्या आडोशाने हा संसार थाटला गेला, आणि ही भिंत कायमची नाही हे जाणणाऱ्याला त्याच वेळी कळण्यासारखे होते.

बंदीपूर्वी कॅनडाच्या स्टॉलवर जी कॉमिक्स दिसत ती जवळपास सगळी अमेरिकन. सुपरमॅनचा चित्रकार जो शुस्टर जन्माने टोरांटोचा होता. लहानपणी त्याचे कुटुंब क्लीव्हलंडला गेले, आणि सुरुवातीच्या कथांमध्ये क्लार्क केंट ज्या वर्तमानपत्रात काम करतो त्याचे ‘डेली स्टार’ हे नाव टोरांटोच्या ‘स्टार’वरून सुचलेले होते. गुणी माणसे होती, पण त्यांचे काम छापणारा सीमेपलीकडे होता. १९४१ च्या शिरगणतीनुसार कॅनडाची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती, तर अमेरिकेची १३ कोटींच्या पुढे. अमेरिकन प्रकाशकाचा चित्रांचा, लेखनाचा आणि रंगांच्या ठशांचा खर्च घरच्या बाजारातच वसूल होई. कॅनडात गेलेली प्रत ही त्याची वरकड कमाई होती. अशा मालाशी दहा सेंटच्या किमतीत झुंजायला कोणताही शहाणा कॅनडियन मुद्रक तयार नव्हता, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते.

साय बेल आणि त्याचा भाऊ जीन टोरांटोत ‘कमर्शियल साइन्स ऑफ कॅनडा’ नावाने पाट्या आणि जाहिरातींची चित्रे करण्याचा धंदा चालवत. बंदीच्या आधी एडमंड लेगॉल्ट नावाचा चित्रकार कॉमिक्स काढण्याची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आला होता. तेव्हा तिच्यात तथ्य नव्हते; बंदी जाहीर झाल्यावर सायला तोच माणूस आठवला. जॉन एझ्रिन या व्यावसायिकाने भांडवल घातले आणि सप्टेंबर १९४१ मध्ये ‘वॉव कॉमिक्स’चा पहिला अंक बाहेर पडला. ते या क्षेत्रात पहिले नव्हते. व्हँकुव्हरच्या ‘मेपल लीफ’ने मार्चमध्येच ‘बेटर कॉमिक्स’ काढले होते आणि टोरांटोतच ‘अँग्लो-अमेरिकन’ नावाची दुसरी संस्था उभी होती. मात्र संख्येत, वेगात आणि आठवणीत राहणाऱ्या पात्रांत बेल सगळ्यांच्या पुढे गेला.

अँग्लो-अमेरिकनची युक्ती तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे. छापलेले कॉमिक आणायला मनाई होती, म्हणून त्यांनी अमेरिकेतील फॉसेट या प्रकाशकाकडून कॅप्टन मार्व्हल वगैरेंच्या कथांच्या संहिता घेतल्या आणि चित्रे टोरांटोत नव्याने काढून घेतली. टेड मॅकॉल आणि एड फर्नेस यांचा ‘फ्रीलान्स’ हा त्यांचा स्वतःचा नायकही होता, पण घराचा मोठा वासा उसना होता. बेलने संहिताही इथेच लिहवून घेतल्या. हा निर्णय देशप्रेमातून आला की हिशेबातून, या वादात शिरण्याची गरज नाही. परिणाम एवढाच की बेलच्या पानांवर जे आले ते दुसऱ्या कुणाचे नव्हते.

काळ्या शाईतले उत्तरेचे रंग

या काळातल्या कॅनडियन कॉमिक्सना आज संग्राहक ‘व्हाइट्स’ म्हणतात, कारण मुखपृष्ठ रंगीत असले तरी आतली पाने काळ्या-पांढऱ्यात छापलेली असत. सुरुवातीला काही प्रकाशकांनी रंगांचे प्रयत्न करून पाहिले, पण चार रंगांसाठी प्रत्येक पानाचे चार ठसे करायचे, ते एकमेकांवर अचूक बसवायचे आणि तेवढ्या वेळा कागद यंत्रातून काढायचा, हे युद्धकाळातल्या मनुष्यबळात आणि दहा सेंटच्या किमतीत जमण्यासारखे नव्हते.

मर्यादेतून काय निघू शकते हे पाहायचे तर एड्रियन डिंगल यांच्याकडे यावे लागते. वेल्समध्ये जन्मलेले आणि लहानपणीच कॅनडात आलेले डिंगल हे मुळात रंगचित्रकार. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे ‘वॉव’च्या महिनाभर आधी, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हिलबरो स्टुडिओ’ या नावाने ‘ट्रायम्फ-ॲडव्हेंचर कॉमिक्स’ सुरू केले. त्यात ‘नेल्व्हाना ऑफ द नॉर्दर्न लाइट्स’ ही नायिका प्रथम अवतरली. अमेरिकेची वंडर वूमन वाचकांसमोर येण्याआधी काही आठवडे ही कॅनडियन नायिका स्टॉलवर होती. ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या प्रसिद्ध चित्रकारमंडळातील फ्रांझ जॉन्स्टन उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात चित्रे काढायला जाऊन आले होते. तिथे ऐकलेली इन्युइट लोकांतली एक कथा त्यांनी डिंगल यांना सांगितली. त्या कथेतली नेल्व्हाना ही वृद्ध स्त्री होती. डिंगल यांनी तिला तरुण केले, लांब केस आणि आखूड झगा दिला, आणि उत्तर प्रकाशाचा राजा कोलिआक व एक मर्त्य स्त्री यांची ती मुलगी ठरवली. ती उत्तर प्रकाशाच्या किरणावरून प्रकाशाच्या वेगाने प्रवास करते आणि अदृश्य होऊ शकते.

आता चित्रकाराची अडचण बघा. उत्तर प्रकाश म्हणजे आकाशात हलणारे हिरवे-जांभळे पडदे. आणि तो दाखवायचा एका काळ्या शाईत, खरखरीत वृत्तपत्री कागदावर. डिंगल यांनी काय केले, तर आकाशाचा मोठा भाग ब्रशने गच्च काळा भरला आणि प्रकाशाच्या जागी शाई लावलीच नाही. कोरा ठेवलेला कागद हाच प्रकाश. बर्फ, अस्वलाचे अंग, किरणांचा पट्टा, नायिकेचा चेहरा, हे सगळे त्याच कोऱ्या कागदाचे; फरक फक्त कडेच्या रेघांचा आणि शेजारच्या काळ्याचा. रंगीत छपाईसाठी काढलेल्या त्या काळच्या अमेरिकन पानांत रेघ बहुधा बारीक आणि मोकळी असते, कारण उरलेले काम रंग करणार हे चित्रकाराला ठाऊक असते. डिंगल यांना तो आधार नव्हता, म्हणून त्यांच्या पानांत काळ्याला वजन आहे. माझ्या मते बेलच्या सगळ्या उत्पादनात हे काम सर्वांत टिकाऊ आहे, आणि ते रंगाच्या अभावी घडले म्हणूनच तसे आहे.

या नायिकेविषयी दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. लोककथा इन्युइटांची, भूमी त्यांची, पण रेखाटलेली नेल्व्हाना चेहऱ्यामोहऱ्याने गोऱ्या सिनेतारकेसारखी होती. सुरुवातीच्या कथेत तिच्या लोकांवर चाल करून येणाऱ्या शत्रूला ‘कॅबलुनेट’ म्हटले आहे. इन्युइट भाषेत गोऱ्या माणसासाठी असलेल्या शब्दापासून ते आले आहे. कथेत त्याचा रोख नाझींवर होता. पण उत्तरेच्या लोकांनी गोऱ्या परक्यांना दिलेले नाव गोऱ्या मुलांच्या करमणुकीत शत्रूचे नाव म्हणून वापरले गेले आणि त्यातली विसंगती तेव्हा कुणाला टोचल्याचे दिसत नाही. पुढे नेल्व्हाना ‘अलाना नॉर्थ’ या नावाने गुप्तहेर बनून दक्षिणेकडच्या शहरी कथांत शिरली आणि तिच्या मागची लोककथा जवळजवळ पुसली गेली.

बेलचा कारखाना

१९४२ मध्ये डिंगल आपली नायिका घेऊन बेलकडे आले आणि कलासंचालक झाले. त्याच सुमारास ‘बेल फीचर्स अँड पब्लिशिंग कंपनी’ हे नाव रूढ झाले. ‘वॉव’ आणि ‘ट्रायम्फ’च्या जोडीला ‘ॲक्टिव्ह’, ‘डाइम’, ‘जोक’, ‘कमांडो’ अशी शीर्षके एकामागून एक निघाली. १९४३ पर्यंत सगळ्या शीर्षकांचा मिळून खप आठवड्याला एक लाख प्रतींच्या वर गेला होता. सव्वा कोटीदेखील वस्ती नसलेल्या देशात हा आकडा किरकोळ नाही.

इतकी पाने भरायला चित्रकार कुठून आणायचे, हा रोजचा प्रश्न होता. वयात आलेले पुरुष सैन्यात जात होते. बेलच्या काही चित्रकारांनीही गणवेश चढवला. उरली ती शाळा-कॉलेजातली मुले आणि तोवर या धंद्यात फारशी वाट न मिळालेल्या स्त्रिया. लिओ बॅख्ले हा मुलगा डॅनफोर्थ टेक्निकल स्कूलमध्ये शिकत होता. दुकानात ‘वॉव’ चाळत असताना एका गृहस्थाने त्याला अंक कसा वाटला असे विचारले, मुलाने चित्रांवर सडकून टीका केली, तेव्हा त्या गृहस्थाने त्याच्याकडून तिथेच दोन माणसांची मारामारी काढून घेतली आणि एखादे नवे पात्र घेऊन उद्या ये म्हणून सांगितले. ते गृहस्थ म्हणजे भांडवलदार एझ्रिन. बॅख्लेने आणलेले पात्र ‘जॉनी कॅनक’ फेब्रुवारी १९४२ च्या ‘डाइम कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आले.

जॉनी कॅनक हे नाव नवे नव्हते. अमेरिकेच्या अंकल सॅमसमोर उभा राहणारा कॅनडाचा लाकूडतोड्या या रूपात ते १८६९ पासून राजकीय व्यंगचित्रांत होते. बॅख्लेने त्याला वैमानिक केले. त्याच्याकडे कुठलीही दैवी शक्ती नव्हती. तो मुठीच्या आणि हिमतीच्या जोरावर लढायचा, आणि एकदा थेट हिटलरसमोर जाऊन उभा राहिला. गोळी लागली तर मरेल असा नायक ही त्या वयाच्या लेखकाची निवड मला फार बोलकी वाटते, कारण वाचणाऱ्या मुलांचे थोरले भाऊ, काका आणि वडील खरोखरच त्या विमानांत होते आणि त्यांच्या अंगात पोलाद नव्हते. बॅख्ले पुढे लेस बार्कर या नावाने रंगमंचावर विनोद करणारा कलावंत झाला.

जेरी लाझारे यानेही असाच कोवळ्या वयात बेलसाठी हात चालवला आणि पुढे चित्रकार म्हणून नाव मिळवले. डोरिस स्लेटरसारख्या स्त्रियाही इथे चित्रे काढत होत्या. लेगॉल्टने घोड्यावरच्या पोलिसाचा ‘डिक्सन ऑफ द माउंटेड’ चालवला, आणि मॅनी ईसनच्या ‘डिझी डॉन’ या विनोदी नायकाला पुढे स्वतंत्र अंक मिळाला. सगळेच काम चांगले होते असे म्हणता येत नाही. पुष्कळ पानांत शरीररचना चुकलेली आहे, पार्श्वभूमी टाळलेली आहे, कथा मध्येच सोडलेल्या आहेत. शत्रूंची, विशेषतः जपानी माणसांची चित्रे त्या काळातल्या द्वेषाने माखलेली आहेत आणि ती आज वाचताना मान खाली जाते. पण ज्या देशात या कामाची एकही पेढी नव्हती, तिथे शिकत शिकतच काम करणे भाग होते. उमेदवारीची अशी जागा बंदीनेच तयार केली.

या अंकांत युद्ध केवळ कथेत नसे. युद्धबचतीच्या तिकिटांची जाहिरात वरचेवर असे. एक तिकीट २५ सेंटचे. १६ तिकिटे चिकटवून कार्ड भरले की ४ डॉलर होत, आणि त्याबदली मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे साडेसात वर्षांनी ५ डॉलर मिळत. म्हणजे अडीच कॉमिक्स सोडली तर एक तिकीट येई. रद्दी गोळा करण्याच्या मोहिमाही शाळाशाळांतून चालत, आणि वाचून झालेली कॉमिक्स त्या ढिगात जात. आज हे अंक इतके दुर्मीळ का, याचे एक मोठे कारण त्या रद्दीत आहे.

भिंत हलली तेव्हा

युद्ध संपत आले तसे आयातीवरचे निर्बंध सैल झाले आणि अमेरिकन कॉमिक्स पुन्हा स्टॉलवर दिसू लागली. एकाच किमतीत एकीकडे चार रंग आणि दुसरीकडे काळे-पांढरे. मुलांनी रंग उचलला. बेलच्या ऱ्हासाचे हे नेहमी दिले जाणारे कारण खरे आहे, पण ते अर्धेच आहे असे मला वाटते. मुले बंदीच्या काळातही रंगांना पारखी झाली नव्हती. वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांना बंदी लागू नव्हती, आणि ‘स्टार वीकली’च्या रंगीत पुरवणीत ती दर आठवड्याला अमेरिकन नायक पाहतच होती. तरीही त्यांनी लाखाच्या संख्येने काळी-पांढरी कॉमिक्स विकत घेतली. रंग मिळवणे बेलला अशक्य नव्हते, महाग होते. आणि तो खर्च भागवायला जेवढा खप लागतो तेवढा एक कोटी पंधरा लाखांच्या, त्यातही फ्रेंच बोलणारा मोठा भाग वजा जाता उरणाऱ्या देशात मिळणे कठीण होते. प्रतिस्पर्ध्याचा खर्च घरी वसूल झालेला, बेलचा खर्च इथेच वसूल व्हायचा. बंदीच्या आधी जे गणित होते तेच बंदीनंतर परत आले. मधल्या पाच वर्षांत ते बदलले नव्हते, फक्त झाकले गेले होते.

येथे बेल बंधूंच्या निर्णयांकडेही पाहावे लागते. त्यांनी मिळालेल्या काळात शीर्षकांची संख्या वाढवली. ज्या दोन-तीन पात्रांवर वाचकांचे प्रेम होते त्यांना बंदीनंतरच्या काळासाठी तयार करणे, त्यांच्या चित्रपट्ट्या कॅनडियन वर्तमानपत्रांत नेऊन बसवणे हा रस्ता होता. वर्तमानपत्रांना तर रंगही परवडत होता. हे मी नंतरच्या काळात बसून म्हणतो आहे, याची जाणीव आहे. दर महिन्याला शेकडो पाने भरायची असताना आणि माणसे सैन्यात जात असताना पाच वर्षांपुढचे पाहणे सोपे नव्हते.

१९४६ च्या अखेरपर्यंत बेलचे स्वतःचे नवे काम जवळपास थांबले. आणि मग या प्रकरणातली सर्वांत लक्षात घेण्यासारखी घटना घडली. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉलरची टंचाई पुन्हा भेडसावू लागली आणि सरकारने पुन्हा अमेरिकन कॉमिक्सची आयात रोखली. वरवर पाहता १९४० ची परिस्थिती परत आली होती. पण या वेळी छापील अंक आणायला मनाई होती, तरी छपाईचे साचे आणून कॅनडात अंक छापायला वाव होता. परिणाम उलटा झाला. प्रकाशकांनी चित्रकार बोलावले नाहीत. त्यांनी साचे मागवले. बेलनेही तेच केले आणि पुढची काही वर्षे अमेरिकन कॉमिक्सच्या कॅनडियन आवृत्त्या छापल्या. बंदी तीच, प्रकाशक तोच, शहर तेच. १९४० मध्ये चित्रकाराला काम मिळाले ते बंदीत नकळत राहिलेल्या एका कडकपणामुळे. तो कडकपणा गेला तेव्हा छापखान्याला काम मिळाले, चित्रकाराला नाही.

कागद उरले म्हणून

या क्षेत्रातल्या बहुतेक संस्थांच्या मूळ चित्रांचा मागमूस राहिला नाही. साय बेलने मात्र आपल्याकडची मूळ पाने आणि अंक जपून ठेवले होते. १९७० च्या सुमारास मायकेल हर्श आणि पॅट्रिक लूबर्ट हे दोघे तरुण त्याच्यापर्यंत पोहोचले, त्यांनी तो संग्रह विकत घेतला आणि १९७१ मध्ये या विस्मृत कॉमिक्सवर पुस्तक काढले. त्याच वर्षी क्लाइव्ह स्मिथ यांच्यासह त्यांनी ॲनिमेशनची कंपनी स्थापन केली आणि तिला डिंगल यांच्या नायिकेचे नाव दिले. हीच ती ‘नेल्व्हाना’. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात टीव्हीवर ‘बेब्लेड’ पाहून अंगणात भोवरे लढवणाऱ्या मुलांनी त्या मालिकेच्या इंग्रजी आवृत्तीमागे हे नाव आणि त्याचे पांढऱ्या अस्वलाचे बोधचिन्ह पाहिलेले असू शकते. ते अस्वल कोणत्या आकाशाखालून आले ते मात्र कुणी सांगितले नसेल.

बेलचा संग्रह पुढे ओटावातील राष्ट्रीय अभिलेखागारात गेला. १९९५ मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने कॉमिक्समधल्या नायकांची तिकिटे काढली; त्यात सुपरमॅनच्या बरोबरीने जॉनी कॅनक आणि नेल्व्हाना होते. २०१३ मध्ये होप निकोल्सन आणि रेचेल रिची यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी जमवून नेल्व्हानाच्या कथा एकत्र छापण्याचे काम हाती घेतले. त्या मालिकेतली शेवटची कथा बेलच्या अंकात आलेली नव्हती. १९४७ मध्ये एफ. ई. हॉवर्ड या दुसऱ्या टोरांटो प्रकाशकाने ‘सुपर डुपर कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात बेलकडचे शिल्लक साहित्य छापले, त्यात ती आली. तो अंक रंगीत होता. सहा वर्षे कोऱ्या कागदाने दाखवलेल्या उत्तर प्रकाशाला रंग मिळाला तो तिथे, आणि त्यानंतर डिंगल यांनी नेल्व्हाना पुन्हा काढली नाही.